चावी काढली तरी चालू

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे टेस्टर म्हणत. एक छोटा बल्ब, त्याच्या एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वायर आणि चिमटा, एवढंच टेस्टर नावाचं ते हत्यार; पण ते त्याच्या शर्टाच्या खिशात नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा, सुई वायरीत टोचायची. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. जगातले बहुतेक प्रश्न या दोन उत्तरांत मिटतात, असं त्याचं मत होतं.

"मला कधी तोंडाने विचारा की बरं वाटतंय का," त्याची बायको म्हणायची. "सुई काढायलाच हवी असं नाही."

त्याची पत्र्याची शेड घराला लागूनच होती. पूर्वी तिथे दोघं भाऊ काम करायचे. दादा इंजिन उघडायचा, टेस्टर वायरी बघायचा. दोघांचा एक नियम होता: यंत्रावर कितीही भरवसा असला, तरी त्याला हाताचा पर्याय ठेवायचा. वायपरची मोटर बसवली तरी आतून ओढायला दोरी. दाराचं कुलूप बटणाने उघडत असलं तरी एक चावी दाराच्या खाचेत. लोक हसायचे, पण भर रस्त्यात कधी अडायचे नाहीत.

दादा गेल्यावर त्याची जुनी व्हॅन वहिनींकडे राहिली. त्या ती आधीपासूनच चालवत होत्या, आणि दादापेक्षा बऱ्या चालवत होत्या. त्यांनी त्या व्हॅनमधून डायलिसिसच्या रुग्णांना घरून रुग्णालयात न्यायचं आणि परत सोडायचं काम धरलं. माणसं ठरलेली, वार ठरलेले. सगळे आजारी, पण गाडीत बसल्यावर एकमेकांच्या आजारपणाची अशी चेष्टा करायचे की रस्त्यावरच्या लोकांना वाटावं सहल निघाली आहे. दूर राहणारा मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, पुरे आता. गाडी विक आणि इकडे ये." वहिनी म्हणायच्या, "येईन की." त्या 'येईन'ला बरीच वर्षं झाली होती.

मग व्हॅनचं इंजिन संपलं. एका मोडीत निघालेल्या नव्या गाडीचं इंजिन चांगलं मिळालं, दादाच्या जागी आलेल्या मेकॅनिकने ते बसवलंही. पण ते चालवणारा त्याचा मूळ कॉम्प्युटर मिळेना. तेव्हा कुठल्याही इंजिनाला बसवून हवं तसं शिकवता येतं असा बाहेरच्या कंपनीचा एक कॉम्प्युटर मागवला. तो शिकवायला लॅपटॉप घेऊन एक बारीक आवाजाचा माणूस आला. तेलाने काळ्या झालेल्या शेडच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "बूट बाहेर काढू का?"

टेस्टरला तो तिथेच आवडला.

वायरिंग करायची होती टेस्टरलाच. सगळ्यात महत्त्वाचं काम रेडिएटरच्या दोन पंख्यांचं. जुनं इंजिन असताना दादाने पंख्यासाठी स्टिअरिंगखाली, डाव्या हाताला येईल असं एक जाडजूड लोखंडी बटण लावलं होतं. वहिनी पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे बघायच्या, काटा चढायला लागला की बटण वर. पंखा सुरू. गाडी थांबवून इंजिन शांत झालं की बटण खाली. आता हे सगळं कॉम्प्युटर करणार होता.

कॉम्प्युटरवाल्याने लॅपटॉपवरून पंखा लावायचा हुकूम दिला. टेस्टरने नेहमीसारखा चिमटा पत्र्याला लावून कॉम्प्युटरच्या वायरीत सुई टोचली. बल्ब पेटला नाही.

"मेलाय," टेस्टर म्हणाला.

"नाही काका, जिवंत आहे. चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून बघा."

लावला. बल्ब लख्ख पेटला. टेस्टरने सुई काढली, परत टोचली. मग बल्बकडे असा बघत राहिला, जणू तो पहिल्यांदाच भेटतोय.

"म्हणजे हा करंट देत नाही?"

"देत नाही. वाट देतो. रिलेला करंट आपण द्यायचा, याने फक्त खालून अर्थिंग जोडायचं. मग रिलेचा खटका आत ओढला जातो, आणि बॅटरीचा मोठा करंट जाड वायरीतून पंख्याला जातो. हा स्वतः काही उचलत नाही."

"मालकच आहे म्हणायचा," टेस्टर म्हणाला. "बोट दाखवतो, ओझं दुसरा उचलतो."

त्या दिवसापासून टेस्टरला त्या डबीचं वेड लागलं. पाणी किती तापलं की पहिला पंखा लावायचा, किती थंड झालं की बंद करायचा, दुसरा कधी, हे सगळं नुसते आकडे बदलून सांगता येत होतं. लावायचा आकडा आणि बंद करायचा आकडा वेगळा का, तर एकच ठेवला तर पंखा सारखा चालू-बंद चालू-बंद करत बसेल. दोन्ही पंखे एकदम लावायचे नाहीत, नाही तर बॅटरीला झटका बसतो. आणि सगळ्यात गंमत म्हणजे पंखा लावायच्या किंचित आधी तो इंजिनाचा वेग हळूच वाढवायचा. जड गोणी उचलण्याआधी हमाल श्वास घेतो तसा. टेस्टर बॉनेटला कान लावून तो श्वास ऐकायचा आणि मेकॅनिकला बोलावून ऐकवायचा. मेकॅनिक म्हणायचा, "ऐकलं. काल पण ऐकवलं होतंस."

काम संपताना कॉम्प्युटरवाल्याने ते लोखंडी बटण दाखवलं. "हे काढायचं ना?"

टेस्टरने वाकून खाली पाहिलं. बटणाची एक वायर चावीच्या लाइनवरून, म्हणजे चावी फिरवली की जिच्यात करंट येतो तिच्यावरून, येत होती आणि दुसरी थेट पहिल्या पंख्याला जात होती. दादाच्या हातची जोडणी, अजून मजबूत. "राहू दे," तो म्हणाला. "उद्या तुमचा मालक रुसला तर हाताने पंखा लावता येईल."

वहिनींना त्याने बजावलं, "वहिनी, या बटणाला आता हात लावायचा नाही. अगदीच अडलं तर."

"कशाला लावू? तुमचा कॉम्प्युटर बसलाय ना आता," वहिनी म्हणाल्या.

काही दिवस सगळं छान चाललं. मग एका दुपारी वहिनी शेडमध्ये आल्या त्या चावी हातात नाचवतच.

"भाऊजी, गाडी बंद होत नाही."

"सुरू होत नाही?"

"बंद होत नाही म्हणतेय. रुग्णालयाच्या पोर्चमध्ये चावी फिरवली, काढली, ही अशी हातात धरली, आणि इंजिन आपलं चालूच. सगळे उतरले, मी बसून. मग जरा वेळाने आपण होऊन थांबलं."

टेस्टरला आनंद झाला. असा बिघाड त्याने कधी ऐकला नव्हता. आनंद झालेला दिसू नये म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. व्हॅन सुरू केली, चांगली तापू दिली, पंखा लागल्याचं ऐकलं, चावी फिरवली. इंजिन पटकन बंद झालं. परत केलं. परत बंद. मेकॅनिकने केलं, तरी बंद.

"बंद होतेय की."

"तुमच्या हाताला होते," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हाताला नाही."

दुसऱ्या खेपेला परत तेच. कधी इंजिन क्षणभरच रेंगाळायचं, कधी चांगलं मिनिटभर चालत राहायचं. गाडीतल्या माणसांनी त्याचाही विनोद केला. त्यांच्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणत. ते म्हणाले, "गाडीला माझंच दुखणं लागलंय. डॉक्टर म्हणतात आटपा, पण बंदच पडत नाही." पण पोर्चमधल्या पहारेकऱ्याला विनोद सुचला नाही. दारात रुग्ण उतरत असताना मागे चावीशिवाय चालणारी गाडी, ही काही हसायची गोष्ट नव्हती. त्याने वरच्यांना सांगितलं. वरच्यांनी वहिनींना सांगितलं, की आठवड्यात दुरुस्त करून दाखवा, नाही तर ही गाडी पोर्चमध्ये येणार नाही. पोर्चमध्ये गाडी नाही म्हणजे काम नाही, कारण त्या माणसांना फाटकापासून चालत जाणं झेपणारं नव्हतं.

मुलाला कुणी सांगितलं कोण जाणे. त्याचा फोन आला. "आई, हा इशारा समज," तो म्हणाला. त्याने तिथूनच एक गिऱ्हाईकही शोधलं. रविवारी गाडी बघायला येणार होतं.

वहिनी शेडमधल्या उलट्या ठेवलेल्या टायरवर बसल्या. "भाऊजी, खरं सांगा. होईल का? नाही होणार तर मी त्या माणसाला हो म्हणते आणि मुलाकडे जाते. पण जायचं झालं तर गाडी बिघडली म्हणून जावं लागतंय, हे मला नीट कळून जायचंय."

टेस्टरने टेस्टर खिशातून काढला आणि परत ठेवला. "बघतो," एवढंच म्हणाला.

त्याने कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो लगेच आला, या वेळी बुटांचं न विचारता. आत साठलेली सगळी नोंद त्याने लॅपटॉपवर घेतली आणि बराच वेळ वर-खाली करत राहिला.

"काका, यात एक विचित्र गोष्ट आहे. त्या दिवशी पोर्चमध्ये गाडी थांबली, पाणी तापलेलं होतं, मी लावून दिल्याप्रमाणे पंखा सुरू होता. मग पाणी थंड झालं, पंखा बंद झाला, आणि त्यानंतर लगेच इंजिन बंद."

"आणि चावी?"

"तेच तर. कॉम्प्युटरच्या मते चावी तोपर्यंत बंद झालीच नव्हती."

"चावी माझ्या हातात होती," वहिनी म्हणाल्या.

"मी तुम्हाला खोटं पाडत नाही, मावशी. पण हाही खोटं बोलत नाही. त्याला ते येत नाही."

चावीच्या लाइनवर चावी नसताना करंट. कुठून? टेस्टरने रिले बदलला. फ्यूज तपासले. चावीचं कुलूप उघडून आतले काटे घासून पुसून लावले. गाडी शेडमध्ये दहा वेळा तापवली, दहा वेळा थांबवली; गरीब गाईसारखी दर वेळी गप्प झाली. रात्री जेवताना तो ताटात बोटाने वायरी काढत होता.

बायको म्हणाली, "गाडी तीच, शेड तीच, सगळं तेच. मग तिकडे जाऊन काय वेगळं होतं?"

"काहीच नाही. फक्त वहिनी चालवतात."

"मग वहिनींना तपासा."

"त्यांना काय सुई टोचू?"

"बाजूला बसून बघा. आयुष्यभर गाडीच्या पोटात डोकं घालून बसलात, एकदा माणसांसारखं सीटवर बसा."

दुसऱ्या दिवशी टेस्टर वहिनींच्या बाजूला बसला. चावीच्या लाइनवरून कॉम्प्युटरला करंट देणाऱ्या वायरीत त्याने सुई घातली आणि बल्ब आपल्या मांडीवर ठेवला. बल्ब पेटलेला. मागे पोस्टमास्तर आणि बाकीची मंडळी.

"काय हो, हा दिवा कशासाठी?" पोस्टमास्तरांनी विचारलं. "ऑपरेशन आहे का?"

"गाडीचं आहे, तुमचं नाही," वहिनी म्हणाल्या. "गप्प बसा."

टेस्टर सबंध रस्ता बल्बकडे बघत राहिला. बल्बने काही केलं नाही. रुग्णालयापाशी रस्ता तुंबला. मग पोर्चचा चढ आला, एकामागे एक गाड्या, पाऊलभर पुढे, थांबा, पाऊलभर पुढे. पाण्याचा काटा चढला. हॉर्नच्या गदारोळात पंख्याचा आवाज कुणाला ऐकू येण्यातला नव्हता. व्हॅन पोर्चमध्ये लागली. पहारेकरी हाताची घडी घालून उभा होता.

वहिनींनी चावी फिरवली आणि काढून मांडीवर ठेवली.

इंजिन चालू. टेस्टरच्या मांडीवरचा बल्बही चालू, अगदी लख्ख. चावी समोर दिसतेय, आणि बल्ब पेटलाय.

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "आता तरी पटलं?"

मागची माणसं उतरली. पहारेकऱ्याने मान हलवली. टेस्टर हलला नाही. थोड्या वेळाने पुढून रिलेची बारीक टिक ऐकू आली, इंजिन अडखळलं आणि थांबलं. पण बल्ब एकदम विझला नाही. आधी पिवळा झाला, मग विस्तवासारखा लाल, मग गेला. म्हणजे काहीतरी हळूहळू दमत जाणारं त्याला करंट देत होतं. दमत जाणारं... फिरत फिरत थांबणारं... पंखा! वीज दिली की पंखा फिरतो, आणि नुसता फिरत राहिला की तोच वीज देतो. पण पंख्याची वीज इथे कशी येईल? पंखा आणि चावीची लाइन जोडलेली कुठे आहे?

तेवढ्यात त्याच्या गुडघ्यापाशी आवाज झाला. टक्.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. दादा असताना दिवसातून कितीदा तरी ऐकलेला. त्याने मान वळवली तेव्हा वहिनींचा डावा हात स्टिअरिंगखालून मांडीवर परत येत होता.

"वहिनी, आत्ता काय केलंत?"

"काय केलं? काही नाही."

"बटण खाली केलंत."

"मी? छे. तुम्हीच सांगितलंय ना हात लावायचा नाही." असं म्हणून वहिनींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग बटणाकडे. "चढावर काटा वर गेला..." त्या हळूच म्हणाल्या. "लावलं असणार हो. नेहमीच लावते. लावते हे मला माहीतच नाही."

आता टेस्टरला सगळी जोडणी डोळ्यांसमोर दिसली. चढावर कॉम्प्युटर पंखा लावतो. बॅटरीचा करंट रिलेतून पंख्यापाशी येतो. वहिनींचा हात बटण वर करतो, आणि पंख्याची वायर चावीच्या लाइनला जोडली जाते. चावी काढली, पुढचं दार बंद झालं. पण पंख्याकडून बटणातून उलटा फिरून तोच करंट मागच्या दाराने आत. कॉम्प्युटरला वाटतं चावी चालूच आहे. तो इंजिन चालवतो, पंखा चालवतो, आणि त्या पंख्याच्याच वायरीवर स्वतः जगतो. पाणी थंड झालं की तो स्वतःच पंखा सोडतो आणि स्वतःचं जेवण तोडतो. मग इंजिन शांत झाल्यावर वहिनींचा हात, वर्षानुवर्षांच्या शिस्तीने, बटण खाली करतो. मागे कसलीही खूण नाही. शेडमध्ये टेस्टर दहा वेळा गाडी तपासत होता, पण त्या बटणाला हात लावायचा नाही हा नियम तो एकटाच पाळत होता.

त्याने हे सगळं वहिनींना सांगितलं, हातवारे करून. सांगताना त्याचा चेहरा इतका खुलला होता की वहिनींना रागवावं की हसावं कळेना.

"म्हणजे गाडी बिघडलेली नाही," त्या म्हणाल्या. "मीच बिघडलेय. हाताला कळतं ते डोक्याला कळत नाही. मुलगा म्हणतो ते बरोबर आहे."

"तुमचं काय बिघडलंय? काटा चढला आणि पंखा लावला. बरोबरच केलंत. दोन दारं असलेल्या घराचं एकच दार मी बंद केलं. ती वायर मी ठेवली."

"मग काढून टाका आता ती."

शेडमध्ये परत आल्यावर टेस्टर बटणाखाली आडवा झाला. कटर त्या जाड वायरीला लावला. एक दाब, की काम झालं. वहिनी बाहेर उभ्या होत्या, दुसरीकडे बघत. टेस्टरला वाटलं, वायर कापली तरी हात चढावर तिथे जाणारच. बटण वर करणार, आणि काही होणार नाही. मेलेलं बटण. रोज, दर चढाला.

तो तसाच आडवा राहून खिशातला फोन काढून कॉम्प्युटरवाल्याला म्हणाला, "कॉम्प्युटरसाहेब, एक विचारू? तुमचा तो डबा नुसता हुकूम सोडतो, की कुणाचं ऐकतो पण?"

"म्हणजे?"

"माणसाने बटण दाबलं, तर त्याला कळेल का की पंखा हवाय?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "कळेल ना, काका. ऐकायला ठेवलेला एक इनपुट रिकामाच आहे. बटणाची एक बाजू अर्थिंगला जोडा, दुसरी तिथे. मी येऊन सांगून ठेवतो: हे बटण वर असेल तर पाणी थंड असलं तरी पहिला पंखा लावायचा."

"आणि करंट?"

"जवळजवळ नाहीच. उलटा जायला काही उरणारच नाही."

जाड वायरी निघाल्या आणि त्या जागी सुतासारख्या दोन बारीक वायरी आल्या. दादाचं बटण तिथेच राहिलं. वहिनींना बसवून टेस्टरने गाडी सुरू करायला लावली. "आता करा वर."

टक्. इंजिनाने तो हमालाचा श्वास घेतला, आणि पंखा फिरू लागला.

"ऐकतो की!" वहिनी म्हणाल्या.

"ऐकतो. पण लावतो तोच. तुम्ही फक्त सांगायचं. आता चावी काढा."

चावी काढली. सगळं गप्प, तत्क्षणी. बटण वरच होतं. मग वहिनींचा हात खाली गेला, टक् झालं, आणि या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि हसल्या.

"भाऊजी, असं एक बटण तुमच्या पुतण्याला बसवता येईल का? मी सांगायचं आणि त्याने ऐकायचं."

"त्याला रिकामा इनपुट नाही," टेस्टर म्हणाला.

पोर्चमध्ये पहारेकऱ्याने स्वतः वाकून काचेतून आत पाहिलं. वहिनींनी चावी खिडकीबाहेर धरून दाखवली. तो जरा वेळ कान देऊन उभा राहिला, कारण त्याला भरवसा नव्हता. मग त्याने वाटेवरचा आडवा दांडा उचलला. मागून पोस्टमास्तर म्हणाले, "गाडी बरी झाली. आता माझ्यावरही त्याच डॉक्टरला सोडा."

गिऱ्हाईक रविवारी आलंच. चांगला, सभ्य माणूस होता. त्याने चाकांना पाय मारून बघितलं, बॉनेट उघडून दोन्ही पंख्यांकडे पाहिलं, मग स्टिअरिंगमागे बसून म्हणाला, "छान आहे. हे बटण कसलं?"

"पंख्याचं," वहिनी म्हणाल्या.

"कॉम्प्युटर असताना?"

"त्याला कधी कधी सांगावं लागतं."

माणूस टेस्टरकडे बघू लागला. टेस्टरने खिशातला टेस्टर चाचपला आणि वहिनींकडे पाहिलं. त्या चावी पदरात गुंडाळत होत्या.

"तुम्हाला खेप पडली," वहिनी त्या माणसाला म्हणाल्या. "चहा घेऊन जा. गाडी बंद होत नव्हती तेव्हा द्यायची होती. आता होते, म्हणून ठेवतेय."